पिकअपला मडफ्लॅप आणि मागच्या चाकांना लायनर बसवायचेत, आधी काय करू?

आडरस्ता
मंडळी नमस्कार. दोन वर्षांची डबल कॅब पिकअप आहे, निम्मं रनिंग कच्च्या रस्त्यावर. दरवेळी गाडी धुताना एकच नक्षी दिसते, पुढच्या चाकामागे दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर चिखलाचा पंखा आणि तसाच हौद्याच्या बाजूला मागच्या चाकाच्या पाठी. कंपनीने मडफ्लॅप म्हणून जे दिलेत ते तळहाताएवढे आहेत, नुसते शोभेला.
काल उकिडवं बसून मागच्या चाकाच्या आत टॉर्च मारला तर धक्काच बसला. पुढच्या चाकांना आत काळं प्लॅस्टिकचं लायनर आहे पण मागे काहीच नाही! थेट हौद्याचा पत्रा, वेल्डिंगची शिवण, एक वायरिंग आणि एका बाजूला टाकीची नळी, सगळं उघड्यावर. खडीच्या रस्त्यावर मागून टणटण आवाज का येतो ते आता कळलं.
मोठे मडफ्लॅप आणि मागे लायनर असं दोन्ही करायचा विचार आहे. घरीच होईल का? ड्रिल मारायला लागेल का? आणि एकच करायचं झालं तर कुठलं आधी?

सावकाश
घरी होतं. दोन चाकं काढता येत असतील तर बाकी काम स्क्रू आणि क्लिपांचं आहे. फक्त घाई करू नका.

रामभरोसे
कशाला हे उद्योग? माझी जुनी पिकअप अशीच उघड्या पत्र्याची आहे, काही झालं नाही. चिखल लागतो, धुतला की जातो. गाडी कामाची आहे, लग्नातली घोडी नाही.

पत्राफाड
रामभरोसे काका, तुमच्या गाडीच्या मागच्या आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) कडेला आतून बोट फिरवून बघा आणि मग बोला :)

आडरस्ता, तुमचा प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पत्र्याचं काम करतो त्यामुळे ह्या गाड्या माझ्याकडे उशिरा येतात, म्हणजे बाहेरून रंगाला फोड आल्यावर.

आधी चिखल उडतो कसा ते डोक्यात बसवा म्हणजे फ्लॅप कशाला आणि लायनर कशाला ते आपोआप कळेल. गाडीत बसून चाकाकडे बघताय असं समजा. टायरचा जमिनीला टेकलेला भाग मागे पळतो, मागचा भाग वर चढतो, वरचा भाग पुढे जातो. चिखल सुटतो तो ज्या ठिकाणी सुटला तिथल्या दिशेने सरळ सुटतो, गोल फिरत नाही. म्हणजे जमीन सोडल्या सोडल्या जो सुटला तो मागे आणि थोडा वर जाणार, त्याला अडवतो फ्लॅप. टायरच्या मागच्या पोटावरून सुटला तो सरळ वर आर्चमध्ये, आणि त्याहून वर गेल्यावर सुटला तो आर्चच्या पुढच्या भिंतीवर. ह्या दोघांना फ्लॅप काही करू शकत नाही, कितीही मोठा लावा. तिथे लायनरच पाहिजे. आणि गाडी ८० ने चाललीय तर टायरच्या कडेचा वेगही गाडीच्या मानाने ८०च असतो, म्हणजे खडा पत्र्यावर त्या वेगाने बसतो. रंग उडायला अजून काय पाहिजे.

आता कुठलं आधी. दारं आणि बाहेरचा रंग वाचवायचा तर फ्लॅप. गाडी वाचवायची तर लायनर. पण दोन्हीच्या आधी एक काम आहे ते म्हणजे आतला चिखल काढणं, ते केल्याशिवाय लायनर लावू नका. लायनरच्या मागे ओला चिखल कोंडला गेला तर गंज तुम्हाला दिसणारही नाही आणि थांबणारही नाही.

पाऊलवाट
पत्राफाड दादांनी शेवटी लिहिलंय त्यावर माझा अनुभव. मागच्या आर्चची कड आत वळवलेली असते, बोटाएवढी पन्हळ समजा. मला वाटायचं दर आठवड्याला प्रेशरने धुते, म्हणजे स्वच्छ असणार. एकदा बांगडी दगडाला लागून टायर बदलायला चाक काढलं आणि सहज स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या पन्हळीत घातलं. वरून वाळलेली पपडी निघाली, तिच्याखाली काळा मऊ चिखल, ओला! तेव्हा पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते हो. दोन्ही बाजू मिळून अर्धं घमेलं माती काढली, त्यात एक हिरवं पान होतं जे अजून हिरवट होतं. पान काढलं त्या जागी रंग फुगलेला, नखाने खरवडला तर तांबूस भुगा हातात आला.

आडरस्ता
बांगडी दगडाला म्हणजे रिम ना? :D

पाऊलवाट
रिमच हो. आमच्या घरात बांगडी म्हणतात.

रामभरोसे
बोट फिरवलं. काही बोलत नाही.

पत्राफाड
😀 काका किती आत गेलं बोट?

रामभरोसे
पलीकडे नाही निघालं एवढंच. सांगा आता उपाय.

पत्राफाड
वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने सुटा भाग सगळा काढा, पॉलिश पेपर मारा, मग रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं, उरलेल्या गंजावर काम करून त्याचा काळा घट्ट थर करतं. तो पूर्ण वाळला की प्रायमर, मग रंग. पण पत्रा दाबल्यावर कुरकुर वाजत असेल किंवा टोच्याने आत जात असेल तर हे सगळं मलमपट्टी आहे, तो तुकडा कापून नवीन वेल्ड करावा लागेल.
आणि एक, तो काळा रबरी अंडरकोट गंजावर थेट मारू नका. लोक गंज झाकायला म्हणून मारतात आणि तो थर सुटून मागे पाणी धरतो. त्यापेक्षा मेणासारखं किंवा लॅनोलिनचं कोटिंग बरं, सुकून तडकत नाही आणि फटीत स्वतःहून शिरतं. फक्त दरवर्षी पुन्हा मारावं लागतं.

चाकोरी
लायनरमध्ये दोन प्रकार मिळतात, त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून. एक कडक प्लॅस्टिक, बहुतेक एचडीपीई, आणि दुसरं जाड फेल्टसारखं पॉलिस्टरचं, घोंगडीसारखं दिसतं. माझ्याकडे आधी कडक होतं आता फेल्ट आहे. आवाजाला फेल्ट फार छान, खडी लागलेली कळतच नाही. पण चिकट मातीत फेल्ट त्रास देतं, माती त्यात रुतते आणि गाडी धुवायला दुप्पट वेळ लागतो, पाणीही धरून ठेवतं. कडक प्लॅस्टिकवरून चिखल घसरतो, पण खडीचा आवाज येतो, पत्र्याएवढा नाही, ढबढब असा.
तुमचा रस्ता खडीचा तर फेल्ट, चिखलाचा तर कडक. माझं मत.

आडरस्ता
माझ्याकडे दोन्ही आहे पण माती जास्त. कडकच बघतो. फ्लॅपमध्ये पण असंच काही आहे का?

चाकोरी
फ्लॅपमध्ये साच्यातले कडक प्लॅस्टिकचे दिसायला छान, गाडीच्या वळणाला बरोबर बसतात, पण दगडाला टेकले की तडकतात, कडाक्याच्या थंडीत तर लगेच. सपाट रबर किंवा पॉलियुरेथेनचे दिसतात ट्रकसारखे पण वाकतात आणि परत सरळ होतात. कच्च्या रस्त्याला मी डोळे मिटून रबर घेईन.

डबलनट
फ्लॅपची रुंदी बघा आधी, लोक फक्त लांबी बघतात. टायरपेक्षा अरुंद फ्लॅप म्हणजे अर्धी छत्री. मी रुंद टायर टाकले, शिवाय रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) वेगळा त्यामुळे टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बाहेर बोटभर डोकावतो, आणि त्या बोटभर पट्टीने माझं दार असं रंगवलं की विचारू नका.

आणि टायर बदलायचा विचार असेल तर तो आधी बदला, लायनर नंतर. हिशोब सांगतो. २६५/६५ आर १७ मापाच्या टायरचा व्यास साधारण ७७६ मिमी येतो, २६५/७० आर १७ चा ८०३, २८५/७० आर १७ चा ८३१. म्हणजे पहिल्यावरून तिसऱ्यावर गेलात तर टायर चारी बाजूंनी २७ मिमी बाहेर येतो, वर रुंदी २० मिमी जास्त. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढच्या लायनरला घासणार म्हणजे घासणारच. मग लोक हीट गनने लायनर गरम करून मागे दाबतात, होतं ते, पण पहिल्यांदा करणाऱ्याने जास्त गरम करून भोक पाडलेलंही बघितलंय. (मीच तो.)

आडरस्ता
टायर कंपनीचेच ठेवणार आहे. ड्रिलचं सांगा ना कोणीतरी, नवीन पत्र्याला भोक पाडायचं जिवावर येतंय.

सावकाश
नका पाडू. तुमच्या मॉडेलच्या मापाचं किट घेतलंत तर बहुतेक सगळं आहे त्याच भोकांवर बसतं. फेंडरच्या कडेला कंपनीचे स्क्रू असतात तेच काढून, मध्ये फ्लॅपची पट्टी घालून, थोडे लांब स्क्रू परत लावायचे. नाहीच जमलं तर कडेला अडकवायच्या क्लॅम्पच्या पट्ट्या मिळतात, त्यांना भोक लागत नाही. पण क्लॅम्पच्या खाली रंगावर पारदर्शक फिल्म चिकटवा, नाहीतर थरथरून रंग घासतो आणि जिथे वाचवायला गेलात तिथेच गंज.

पत्राफाड
सावकाश यांना शंभर टक्के अनुमोदन. पाडावंच लागलं तर एवढं करा. पलीकडे काय आहे ते आधी हाताने चाचपा. मागच्या आर्चच्या मागे टाकीची नळी आणि वायरिंग असतं, ड्रिल आरपार गेलं की दिवस खराब. ड्रिलच्या टोकाला हवं तेवढंच सोडून बाकी टेप गुंडाळा, टेप पत्र्याला टेकला की थांबायचं. भोकाची कड घासून साफ करा, प्रायमर लावा, वाळू द्या, रंगाचा हात मारा आणि मगच स्क्रू. उघडी कड म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण.
आणि तुमची गाडी ॲल्युमिनियमची नाही ना ते बघून घ्या. फोर्डच्या एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, तिथे साधा लोखंडी स्क्रू मारून वर पाणी आणि मीठ पडलं की दोन धातूंची आपसात जुंपते आणि ॲल्युमिनियम स्क्रूभोवती पांढरं पांढरं होऊन खाल्लं जातं. बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हे फार लवकर होतं. नायलॉनचे वायसर आणि कोटिंगवाले स्क्रू लागतात.

आडरस्ता
लोहचुंबक चिकटतो, म्हणजे लोखंडच :) किट मागवलंय. आलं की सुरू.

आडरस्ता
झालं एकदाचं! म्हणजे जवळपास. अख्खी सुट्टी गेली. लिहितो सगळं, पुढच्याला उपयोग होईल.

आधी पाऊलवाट ताईंचं ऐकून पन्हळ साफ केली. माझ्याकडे घमेलं नाही भरलं पण एक डबा भरून माती निघाली, दोन वर्षांची गाडी! गंज कुठे नव्हता, एका वेल्डच्या टोकाला नखाएवढा डाग होता तो घासून कन्व्हर्टर आणि प्रायमर. मग रात्रभर चाकं काढूनच ठेवली, गाडी स्टँडवर, गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना ओट लावून. नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नका हे मी सांगायला नको पण सांगतो.

सकाळी लायनर घेतलं तर डावं बसेचना. वाकवलं, दाबलं, गुडघा लावला, बायको म्हणाली उलटं धरलंय का, म्हटलं नाही. अर्ध्या तासाने कळलं की ते उजव्या बाजूचं आहे, टाकीच्या नळीसाठी एका लायनरला जागा सोडलेली असते आणि दुसऱ्याला नाही. बायकोचं अर्धं बरोबर होतं तरी तिने ते पूर्ण धरलं.

स्क्रूंबद्दल एक शिकलो ते म्हणजे पहिल्यापासून एकही घट्ट करायचा नाही. सगळे दोन-दोन आटे धरून ठेवायचे, लायनर सगळीकडे जागेवर आलं की मग मधून कडेला घट्ट करत जायचं. मी पहिला पूर्ण आवळला आणि शेवटचं भोक बोटभर सरकलेलं निघालं, सगळं परत सैल. प्लॅस्टिकच्या पुश क्लिपा जुन्या काढताना दहापैकी चार तुटल्या, जास्तीच्या आणून ठेवा.

फ्लॅप चारही बसलेत, भोक एकही पाडलं नाही.

डबलनट
मस्त काम. वायर आणि होजचं बघितलंत ना? मागचा ॲक्सल वर खाली होतो, त्याच्याबरोबर ब्रेकची होज आणि एबीएस सेन्सरची वायर हलते. बसल्या जागी सगळं मोकळं दिसतं पण हौद्यात वजन पडून पाटे दबले की लायनरची कड वायरला लागू शकते.

पत्राफाड
आणि टाकीच्या झाकणाच्या वाटीतून एक बारीक रबरी नळी खाली आर्चमध्ये येते बऱ्याच गाड्यांना, वाटीत पडलेलं पाणी बाहेर सोडायला. लायनरने ती दाबली असेल तर पाणी झाकणाजवळच तुंबतं.

आडरस्ता
बापरे, ती नळी होती! मला वाटलं तुटलेलं काहीतरी लोंबतंय म्हणून वर खोचून ठेवली. आत्ता खाली जाऊन सोडवतो.

आडरस्ता
सोडवली. वायरला दोन बोटं जागा आहे, वजन टाकून उद्या बघतो.

सावकाश
चाकाचे नट समोरासमोरचे आवळले ना, ओळीने नाही? आणि शंभरेक किलोमीटर चालवून परत टॉर्क पान्ह्याने तपासा.

आडरस्ता
हो, समोरासमोर. परत तपासायचं लक्षात ठेवतो.

आडरस्ता
आता रडगाणं. चार दिवस झाले फक्त. काल गाडी रिव्हर्स घेत होतो, मागे रस्त्याच्या कडेचा उंचवटा, हळूच चढवली आणि खर्र असा आवाज. उतरून बघतो तर मागचा उजवा फ्लॅप टायर आणि कडेच्या मध्ये सापडून उपटला गेलेला, वरचे दोन स्क्रू त्याच्याबरोबर, आणि लायनरच्या कोपऱ्याचं एक भोक फाटलं. माझीच चूक, कॅमेऱ्यात फ्लॅप दिसतच नाही.

डबलनट
अरेरे. पुढे जाताना फ्लॅप मागे झुकतो म्हणून काही होत नाही. रिव्हर्समध्ये तो टायरखाली ओढला जातो. फ्लॅप टायरला फार जवळ आहे का? आणि जमिनीपासून किती?

आडरस्ता
टायरपासून तीन बोटं. जमिनीपासून वीतभर पण नाही, म्हटलं जेवढा खाली तेवढं दार स्वच्छ.

पत्राफाड
तिथेच चुकलं. पुढच्या फ्लॅपला खाली ठेवा, कारण त्याच्या मागे तुमचं दार आहे. मागच्याला एवढं खाली कशाला? त्याच्या मागे हौद्याचा तुकडा आणि बंपर. ट्रेलर ओढत असाल तर गोष्ट वेगळी, मग खडी ट्रेलरच्या तोंडावर जाते आणि मागच्या गाडीवाल्याच्या काचेवरही. तरी रिकाम्या गाडीला वीत-दीड वीत जमिनीपासून वर ठेवा, कारण हौदा भरला की गाडी खाली बसते. खालची कड कापायला जाड कात्री नाहीतर पात्याचा चाकू पुरतो.
फाटलेल्या भोकाला मोठा वायसर दोन्ही बाजूंनी, सँडविच करा. लायनर बदलायची गरज नाही.

चाकोरी
आणि मागच्या फ्लॅपला वरचे स्क्रू जरा हलके ठेवायची आयडिया आहे माझी. दगडात सापडला तर क्लिप तुटावी, पत्रा वाकू नये. चार स्क्रूंऐवजी दोन स्क्रू दोन प्लॅस्टिक क्लिपा.

सावकाश
मला नाही पटत. हायवेवर फ्लॅप सुटून मागच्याच्या अंगावर गेला तर? घट्ट बांधा आणि उंच ठेवा.

चाकोरी
दोन स्क्रू आहेत ना धरायला. पण ठीक आहे, मुद्दा समजला.

आडरस्ता
फ्लॅप कापून बसवला, चारही स्क्रूंवर, सावकाशांचं ऐकलं. मोठे वायसर लावलेत. दोन्हीकडे स्टेअरिंग पूर्ण वळवून, पुढे मागे, एक चाक दगडावर चढवून, हौद्यात वाळूच्या गोण्या टाकून असं सगळं बघितलं, कुठे घासत नाही. शेजारी विचारत होते की गाडी विकताय का.

आडरस्ता
दीड महिना झाला, धागा वर काढतोय. दारावर चिखल येतो अजून पण गुडघ्याच्या खालीच, पूर्वी हँडलपर्यंत जायचा. मागची टणटण गेली, आता ढबढब येते, चाकोरी म्हणाले तश्शी. परवा उजव्या लायनरचे खालचे तीन स्क्रू काढून मागे हात घातला तर वाळलेली मूठभर धूळ निघाली, ओलं काही नव्हतं. खाली मध्ये एक क्लिप मुद्दाम लावलेली नाही, तिथून पाणी निथळतं असं दिसतंय.

पाऊलवाट
वर्षातून एकदा पूर्ण उतरवून धुवा तरी. धूळ पावसात चिखल होते.

आडरस्ता
हो ताई, ठरवलंय.

रामभरोसे
आडरस्ता, त्या तुमच्या उरलेल्या क्लिपा कुठल्या मापाच्या आहेत? माझंही किट आलंय. गंज काढून झाला, प्रायमर वाळतोय.

आडरस्ता
काका!! माप बघून सांगतो. आणि डावं उजवं आधी बघा.

रामभरोसे
बघितलं. अर्धा तास गेला.